आडवा वारा

समुद्रावरून ढग सरकला की धावपट्टीजवळची वारा दाखवणारी नारिंगी कापडी नळी आधी लुळी पडते, मग एकदम आडवी फिरते. आज ती फिरली तेव्हा सायली आकाशात होती, पहिल्यांदाच एकटी. तिला शिकवणारा मी खाली गवतात, हातात रेडिओ. त्यावर मी फक्त ऐकायचं, बोलायचं टॉवरने. टॉवर तिला म्हणाला, "थांबा, आधी मोठं विमान उतरेल."

"सर, तिला खाली बोलवा ना," शेजारी उभी तिची आई म्हणाली.

"ते माझ्या हातात नाही हो, ताई."

शिकवणं म्हणजे एक दिवस शेजारची सीट रिकामी करणं, असं मी दर बॅचला मोठ्या ऐटीत सांगतो. ढगाने धावपट्टीचं टोक गिळलं. मी खाली पाहिलं. आडव्या वाऱ्यात विमान सरळ ठेवायला पेडल दाबतात, तसा माझा उजवा पाय ओल्या गवतात घोट्यापर्यंत रुतला होता.