केनवडची टोळधाड आणि लान्स नाईक रमजान

लढाईच्या दिवसांत आमच्या भरती पार्टीचा मुक्काम केनवडबाहेरच्या आमराईत होता. पार्टी म्हणजे सुभेदारसाहेब, आम्ही मोजके जवान, दोन खेचरं आणि एक तंबू. सकाळी परेड, दुपारी भरतीला आलेल्यांची छाती मोजणं, संध्याकाळी खेचरांना खरारा. मी नाईक. याच मुलखातला असल्यामुळे गावाशी बोलायचं काम माझ्याकडे. केनवडला माझी मावशी राहायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, नाल्याकाठचं एकच वावर. ज्वारी हुरड्यावर आली होती आणि मावशी मला रोज ओढून न्यायची, कणसं दाखवायला.

एका दुपारी उत्तरेकडचं आभाळ तांबूस झालं. आधी धूळ वाटली. मग ती धूळ ज्वारीवर उतरून कुरतडायला लागली.

टोळधाड! अख्खं गाव डबे, थाळ्या, ढोल घेऊन धावलं. आम्हीही मेसच्या परातींसकट धावलो. टोळ उठले आणि नाल्यापलीकडच्या गावात गेले. आम्ही जल्लोष केला. थोड्या वेळात पलीकडचे ढोल वाजले आणि टोळ परत आले. आम्ही पुन्हा हाकलले, त्यांनी पुन्हा पाठवले. दर फेरीला दोन्ही गावांना वाटायचं, आपण जिंकलो. दर फेरीला दोन्हीकडची ज्वारी कमी व्हायची. कवायत छान चालली होती, फायदा फक्त टोळांचा होता.

दिवस मावळताना टोळ नाल्याकाठच्या बाभळींवर बसले. बाभळींना लागूनच मावशीचं वावर. गावच्या पाटलांनी पुन्हा ढोलवाले पुढे काढले. एवढ्यात आमचा लान्स नाईक रमजान पळत सुभेदारसाहेबांकडे आला. तो मारवाडचा, टोळधाडी बघतच वाढलेला.

"साब, ढोल बंद! अब उड़ी तो सीधी जवार में गिरेगी. रात को टिड्डी पेड़ नहीं छोड़ती. तड़के ठंड में पकड़ लेंगे."

"पकड़के क्या करोगे?"

"खाएँगे, साब."

साहेबांनी मिशीत हसू दाबलं. "नाईक, गाँव को चुप कराओ."

"जी साब."

हुकूम देणं सोपं होतं. पाटील माझ्यावरच उखडले. "काहून गप बसाव आमी? टोय उरावर येऊन बसले ना!"

"पाटील, आता उठवले तं मावशीच्या ज्वारीत पडतीन. पहाटं झाडावरच धरू."

"अन् नाही धरले तं?"

मावशी पुढे झाली. तिनं ढोलवाल्याच्या हातातली टिपरी काढून घेतली. "वावर माह्यं हाय. बुडालं तं माह्यं बुडन. ठेव ढोल खाली."

ढोल खाली ठेवले गेले. मावशी वावराच्या बांधावर जाऊन बसली ती तिथेच.

पहाटे चारला फॉल-इन. कमांड रमजानची. बाभळीखाली घोंगड्या, चादरी, धोतरं, जे मिळेल ते अंथरलं.

"हिलाओ!"

टोळ पिकल्या बोरांसारखे टपाटप पडले. थंडीनं पंख गारठलेले, उडता येईना. पोत्यात भर, तोंड बांध, पुढची बाभूळ! पाटील स्वतः पोतं धरून ओरडत होते. पलीकडच्या गावचे लोकही नाला ओलांडून आले आणि कामाला लागले. पुढे मी खरे हल्ले केले, पण असा हुरूप परत कधी आला नाही.

शेवटची बाभूळ राहिली आणि ऊन आलं. नेमकं तिच्यावर. टोळ फडफडायला लागले. मावशीची ज्वारी हातभर लांब. रमजान काट्यांची पर्वा न करता वर चढला आणि सगळ्या वजनानिशी फांदीवर नाचला. खाली घोंगडीचं एक टोक सुभेदारसाहेबांच्या हातात, दुसरं मावशीच्या. थोडे टोळ निसटले. बाकी पोत्यात गेले.

ज्वारी उभी होती! मावशी एकदम रडायला लागली, आणि खरं सांगतो, मीही.

मग रमजाननं तवा चढवला. टोळांचे पंख-तंगड्या मोडून तेल, मीठ, तिखट. चव थोडी भाजल्या शेंगदाण्याची, थोडी सुकटीची. पाटलांनी आधी तोंड फिरवलं, मग एक चाखला, मग ताटली जवळ ओढली. कापूस वेचायला आलेल्या मानोऱ्याकडच्या तांड्यातल्या बायांनी कोंबड्यांसाठी पोती नेली. मावशीनं टोळ काही तोंडात घातला नाही. ती सुई घेऊन रमजानच्या पायातले काटे काढत बसली.

"माय हाय का तुले?"

"नहीं, माँजी."

"आता हाय."

वर्षभरात आम्ही बर्मात होतो. एका नदीच्या उतारावर मॉर्टरचा गोळा आमच्या सेक्शनवर पडला. रमजान तिथेच गेला. त्याला काठावरच पुरलं, आणि पुढे जायचा हुकूम आला. ते मला फार लागलं. अजून लागतं.

सुट्टीवर आल्यावर मावशीला सांगितलं. मग तिनं पेव उघडलं, ज्वारीचं पोतं भरलं आणि मला बैलगाडी जुंपायला लावली. आम्ही मंगरूळपीरच्या दर्ग्यात गेलो.

पोतं उतरवून घेताना मुजावरांनी विचारलं, "किसके नाम से?"

मी सावधान उभा राहिलो. "लान्स नाईक रमजान खान."

मावशीनं माझा दंड धरून मला मागे सारलं.

"तसं नाही," ती मुजावरांना म्हणाली. "माह्या पोराच्या नावानं घ्या."