सत्यवतीची देवी

सत्यवतीच्या अंगात देवी यायची याचं खाडीकाठच्या त्या गावात कुणाला नवल नव्हतं. नवल एवढंच, की देवीला बसायला गावातली सगळ्यात गरीब गाय सापडली. मिठागरात मीठ ओढून टाचा फाटलेली, सासूपुढे मान वर न करणारी, नवऱ्याने हात उगारला की आधी पोरीला मागे सारणारी बाई. नवरात्रात ढोल घुमायला लागले की तिचे केस सुटायचे, डोळे फिरायचे, आणि मग ती जे बोलायची ते अख्खं गाव हात जोडून ऐकायचं.

देवी मात्र गरीब नव्हती. जिच्या अंगात देवी येते ती देवीचं झाड. एका नवरात्रात देवीने सत्यवतीच्या नवऱ्याला, बुधाजीला, भर मांडवात सुनावलं, "माझे झाडाला हात लावशील त तुजा हात झडंल." तेव्हापासून बुधाजी ताडी पिऊन यायचा, भांडी आपटायचा, पण बायकोला शिवायचा नाही. सासू गोदूबाई, जिच्या तोंडाला गावातली कुत्रीसुद्धा भ्यायची, तिला दर नवरात्रात सुनेच्या पायांवर डोकं टेकावं लागायचं. टेकायची आणि उठताना दातओठ खायची. देवी उतरली की सत्यवतीला काही आठवत नसे. ती मुकाट्याने चूल पेटवायला जायची आणि म्हातारीची लाखोली पुन्हा सुरू व्हायची. असा त्या घराचा कारभार होता, आणि कुणी काही म्हणो, तो बरा चालला होता.

मग धर्मराजने चंद्रावतीला मागणी घातली. चंद्रावती ही सत्यवतीची एकुलती एक लेक, नुकती सोळाव्या वर्षात आलेली. धर्मराज मिठागरावरचा मुकादम, वयाने बुधाजीच्या बरोबरीचा. त्याची पहिली बायको मार खाऊन खाऊन मेली होती, दुसरी माहेरी पळाली ती परत आली नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण मुकादम जावई झाला की बुधाजीला उन्हात राबावं लागणार नव्हतं, म्हणून सगळ्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलं. त्या नवरात्रात देवी कडाडली, "पोर माझी हाय. धर्मराजाचे घरान नाय द्यावाची." सोयरीक जागच्या जागी थांबली. देवीचा शब्द मोडायची छाती धर्मराजलाही नव्हती.

पण त्यानंतर सत्यवतीला नवरात्र नसतानाही झटके यायला लागले. मिठागराच्या बांधावर ती मुठी आवळून पडायची, दातखीळ बसायची. भगताने लिंबू उतरवलं, कोंबडं खाल्लं, गुण काही आला नाही. शेवटी बुधाजीने तिला पनवेलला दिनानाथ डॉक्टरांच्या दवाखान्यात आणलं. साठ सालच्या आसपासची ही गोष्ट.

दिनानाथ डॉक्टर मुंबईहून शिकून नुकते आलेले. माणूस आतबाहेर चांगला. तेच नडलं, कारण वाईट माणसापासून सत्यवती आपसूक सावध राहिली असती. मनोविश्लेषणाच्या पुस्तकांनी डॉक्टरांना झपाटलं होतं. माणूस जो राग गिळतो तो नेणिवेत जाऊन बसतो आणि रोगाचं सोंग घेऊन वर येतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यात अमेरिकेतून आलेला एक नवा विचार त्यांनी मिसळला होता. रोग्याला टोकायचं नाही, जोखायचं नाही, मायेने ऐकून घ्यायचं. माणूस मुळात चांगलाच असतो, ऐकणारा मिळाला की तो आपला आपण उमलतो. पनवेलकरांना खोकल्याचं औषध हवं असायचं. उमलायला त्यांच्याकडे अजून कुणी आलं नव्हतं. सत्यवती दारात उभी राहिली तेव्हा डॉक्टरांच्या घरी सणच उजाडला म्हणायचा.

त्यांनी बुधाजीला बाहेर बसवलं, तिला बाकावर निजायला सांगितलं, आपण उशाशी खुर्ची घेतली आणि म्हणाले, तुम्ही बोला, मनात येईल ते बोला. तिला जन्मात कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. पहिल्या खेपेला ती नुसती रडली. पुढे बाजाराच्या दिवशी वाल विकून झाले की ती दवाखान्यात यायची. बाळंतपणात सासूने उपाशी ठेवलं होतं ते निघालं, दूध न मिळून गेलेला पहिला मुलगा निघाला, नवऱ्याचा हात निघाला. डॉक्टर 'हं' म्हणायचे आणि ऐकायचे. झटके थांबले. ती बाजाराच्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसायला लागली. सूर्य पश्चिमेला, उरणच्या बाजूने उगवतो असं त्या माणसाने सांगितलं असतं, तरी तिने मान डोलावली असती.

त्याने सांगितलं ते वेगळंच होतं. "देवीबिवी कोणी नाही, सत्यवतीबाई. तो तुमचाच राग आहे. स्वतःच्या तोंडाने बोलता येत नाही म्हणून तुम्ही तिच्या तोंडाने बोलता."

"म्हंजे देवी कवाच नवती?"

"नव्हती. तुम्हीच होता. बघा, केवढं बळ आहे तुमच्यात."

सत्यवती हसली. बुधाजीचा हात आपण धरला होता, पोरीला आपण राखलं होतं, हे मनात घोळवत ती घरी गेली. इतका आनंद तिला लग्नातही झाला नव्हता. वेडी बिचारी.

डॉक्टरांच्या शास्त्रात घरच्यांना अंधारात ठेवणं बसत नव्हतं. त्यांनी तिला विचारलं आणि तिनेही हो म्हटलं. पुढच्या खेपेला बुधाजी आणि गोदूबाई समोर बसले. डॉक्टरांनी समजावलं, की बाहेरची बाधा नाही, ती बोलते ते तिच्याच मनातलं असतं, तिचं ऐकून घेत जा, माणूस म्हणून तिला मान द्या. म्हातारीने शेवटपर्यंत ऐकलं. मग तिने एवढंच विचारलं, तेही डॉक्टरांना नाही, सुनेला.

"इतकी वर्सा मी तुजे पाया पडत होते?"

डॉक्टर कौतुकाने बघत होते. सत्यवती म्हणाली, "हां. मीच होते ती."

 घरात शिरल्यावर म्हातारीने दाराला आतून कडी घातली आणि लेकाला सांगितलं, "पायांवर मार. पायाच पडले होते मी." बुधाजीने इतकी वर्षं आवरलेला हात मोकळा सोडला. चंद्रावती मध्ये पडली तर तिलाही बसलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळलं. देवीच्या शब्दावर ज्याने भावाशी भांडण मिटवलं होतं तो महादेव दारात येऊन थुंकून गेला. ज्या बायका तिची ओटी भरायच्या त्या पाणवठ्यावर तिला घडा भरू देईनात. आणि धर्मराजचा निरोप आला, की आता हरकत कुणाची आहे?

सत्यवती लंगडत पनवेलला गेली. डॉक्टरांना फार वाईट वाटलं. पण ते म्हणाले, उमलताना त्रास होतोच. आता आडून बोलू नका, चारचौघांत स्वतःच्या नावाने सांगा. तिने तसंच केलं. साखरपुड्याला पंच बसले असताना ती उभी राहिली. "मी सत्यवती बोलते. माझी पोर नाय द्यावाची." आयुष्यात पहिल्यांदा ती शुद्धीवर असताना पुरुषांसमोर बोलली. आवाज जराही कापला नाही.

धर्मराज हसला. "देवी बोलली तवा मी ऐकला. तू कोन?"

मग पंचही हसले. साखर वाटली गेली.

ती पुन्हा दवाखान्यात गेली ती बाकावर निजलीच नाही. "डाक्टर, तुमी काढलीत, तुमीच परत घाला," म्हणाली. डॉक्टर मायेने म्हणाले, की जे नव्हतंच ते परत कसं घालणार? उलट ती बरी झाली याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी चहा मागवला. ती न घेता निघाली.

हळदीच्या दिवशी मांडवात ढोल सुरू झाले तेव्हा पिवळी झालेली चंद्रावती आईजवळ आली आणि कानात म्हणाली, "आये, देवीला बोलव ना." सत्यवतीने केस सोडले. कपाळावर मूठभर कुंकू थापलं. गुडघ्यांवर बसून ती घुमायला लागली, डोकं गरागरा फिरवलं, दात करकरा वाजवले. पूर्वी हे सगळं तिच्याकडून व्हायचं. आज ती ते करत होती. बोलायला तोंड उघडलं तर आतून तिचाच चिरका, घाबरलेला आवाज आला. ढोलवाले थांबून बघू लागले. गोदूबाई खुशीत म्हणाली, "वाजवा रे, वाजवा. नाच चाललाय इहिनीचा." मांडव खदखदला. मोठ्यांना हसताना बघून पोरंही तिच्यासारखी माना फिरवायला लागली.

चंद्रावतीने ते बघितलं. तिने वाकून आईचे केस गोळा केले, गाठ मारली. "पुरे कर आये," ती म्हणाली. "मना तुजी लाज वाटते." आणि ती आपल्या पायांनी पाटावर जाऊन बसली.

धर्मराजच्या घरात ती दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडापर्यंत टिकली. ती गेल्याचा निरोप आला तेव्हा सत्यवती मिठागरात मीठ ओढत होती. बायका धावल्या, कुणी पाणी आणलं, कुणी तिचे हात धरले, आता ही पडणार म्हणून. ती पडली नाही. मूठ आवळली नाही, दातखीळ बसली नाही. पनवेलच्या डॉक्टरांनी तिला अगदी पुरती बरी केली होती.