ब्लॅकपूलच्या समुद्राची ओटी

लेक मुग्धा सातव्या महिन्यात आणि जावई जहाजावर, म्हणून आम्ही दोघं अंबरपेठेतलं घर शेजाऱ्यांच्या भरवशावर टाकून इंग्लंडला निघालो. निघण्याआधी मी हौसेनं तिच्या गावाच्या नावाचा अर्थ शोधला. ब्लॅकपूल म्हणजे काळा डोह. दलदलीतलं काळपट पाणी पूर्वी तिथे समुद्राला मिळायचं, इतकंच. पण माझ्या बायकोचा, शालिनीचा, चेहरा उतरला.

"असलं नाव कायकू ठेवले हो? आणि गर्भार पोरगी तिथंच!"

तेव्हापासून ती नुसतं 'पोरीचं गाव' म्हणायला लागली.

शमशाबादच्या विमानतळावरून दुबईमार्गे मँचेस्टर, पुढे रेल्वे. वारा अडवणारं जाकीट घ्याच; मी स्वेटरवर गेलो आणि पस्तावलो. गावात मात्र नावाचा नुसता उत्सव! टोप्यांवर, कपांवर तेच नाव. साखरेच्या कांडीत तर ते या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहिलेलं, आणि पोरं मजेत चोखतायत. ट्रॅममधल्या एका आजीबाईंना मी नावाचा अर्थ विचारला.

"अर्थ? आमच्यासाठी सुट्टी!" त्या हसल्या. शालिनी हसली नाही.

नव्या पाण्याची ओटी भरली की ते आपल्या माणसाला हात लावत नाही, अशी आमच्याकडची रीत. नारळ जवळच्या प्रेस्टन शहरातल्या भारतीय दुकानात मिळाला. ओहोटी होती, पाणी पार लांब गेलेलं. मुग्धा आणि मी काठावर बसलो. शालिनी नारळ आणि खण घेऊन निघाली ती चालतच राहिली.

"बाबा, टाइड टर्न झाली!" मुग्धा ताडकन उठली. शालिनीच्या आणि आमच्या मधल्या खोलगटात पाणी भरत होतं. मी बूट काढेपर्यंत मुग्धा पोट धरून वाळूत उतरलीसुद्धा.

"आई, मागे फिर!"

आयुष्यात एवढा कधी घाबरलो नव्हतो. पाणी खरंच काळं दिसत होतं. मुग्धा गुडघाभर पाण्यात शिरली, तेव्हा कुठे शालिनीनं वळून पाहिलं आणि ती पळत सुटली. दोघी एकमेकींना धरून बाहेर आल्या.

"तू कायकू उतरलीस गं?" शालिनी रडत ओरडली. नारळ तिच्या हातातच होता.

तिथे जाणाऱ्यांनी भरतीची वेळ बघितल्याशिवाय वाळूत लांब जाऊ नये. काठावर तसा फलकही आहे. आम्ही वाचला नव्हता.

नात सुखरूप झाली. आता आम्ही घरी आहोत. रोज व्हिडिओ कॉल लागतो. शालिनी बाळाचं तोंड बघते. मी आधी मुग्धाच्या पाठीमागे खिडकीतून दिसणारं समुद्राचं पाणी किती जवळ आलंय ते बघतो.