दाजींचं आतलं घर

पाहुण्यांनी घरभरणीचं जेवण केलं, आहेर दिला, तोंडभरून कौतुक केलं, आणि एवढं होऊनही त्या घरात मालकासकट कुणालाच पाऊल ठेवता आलं नाही, असा प्रताप उभ्या बेळगाव जिल्ह्यात एकाच माणसाच्या नावावर आहे आणि तो माणूस नेमका आमच्या वाट्याला आला आहे. हे आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. मी निपाणीला शाळेत शिकवते, म्हणून दाजी मला टीचर म्हणतात. पन्नास पोरांचा वर्ग मी एका नजरेत गप्प करते, पण दाजींच्या समोर बसलं की दहा मिनिटांत माझंच डोकं चालेनासं होतं. त्यांना ओळखून तीस वर्षं होत आली, तरी गोंधळ काही मिटलेला नाही.

दाजी बेळगावच्या उद्यमबाग वसाहतीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, पॅटर्न करतात. आता मला सांगून सांगून एवढं कळलंय की बीड, म्हणजे वितळवलेलं लोखंड, साच्यात ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, आणि तो खऱ्या वस्तूपेक्षा थोडा मोठा ठेवावा लागतो, कारण तापलेलं बीड निवताना आकसतं. फौंड्रीत हे शहाणपण झालं. दाजींनी ते संसाराला लावलं. शर्ट शिवायचा तर अंगापेक्षा दोन इंच ढगळ, का तर "धुण्यात आकसतंय." चार माणसं जेवायला येणार म्हटलं की सहा माणसांचा भात. माझ्या लग्नात मांडवाचं माप घ्यायचं काम आमच्या वडिलांनी, आप्पांनी, मोठ्या विश्वासानं या जावयाकडे दिलं. मांडव थेट शेजारच्या गोठ्यावर गेला आणि निम्म्या अक्षता दोन म्हशींच्या अंगावर पडल्या. आप्पा कपाळाला हात लावून म्हणाले, "अवो जावईबापू, पाव्हणं काय बीड हाईत व्हय आकसायला?" दाजी शांतपणे म्हणाले, "ऊन लागलं की पाव्हणंबी आकसत्यात."

खिशात कायम पोलादी फूटपट्टी. बसचं सीट मोजतील, हॉटेलातलं टेबल मोजतील. आक्काला बघायला आले तेव्हा तर कहरच केला. आक्का पोह्यांच्या बशा घेऊन दाराच्या चौकटीत उभी राहिली. दाजींनी तिच्याकडे बघितलं, चौकटीकडे बघितलं, आणि भर बैठकीत म्हणाले, "चार फूट नऊ." आमच्याकडे सगळ्यांची तोंडं उतरली. पोरगी बुटकी म्हणून नापसंत, असंच सगळ्यांनी धरलं. आक्का आत जाऊन रडली. संध्याकाळी होकार आला, तेव्हा तर गोंधळात भरच पडली.

लग्नानंतर दोघांनी बेळगावात अकरा घरं बदलली. सगळी भाड्याची. प्रत्येक घरमालकाची पहिली अट एकच, भिंतीला खिळा मारायचा नाही. लाकडात हयात घालवलेल्या माणसाच्या घरात लग्नाचा फोटो सव्वीस वर्षं कपाटाला टेकवून उभा. आणि प्रत्येक घरात स्वयंपाकाचा कट्टा आक्काला उंच. म्हणून दाजींनी तिला फणसाच्या लाकडाचा एक पाट करून दिला होता, त्यावर उभी राहून ती भाकरी थापायची. घर बदलताना टेंपोत पहिल्यांदा तो पाट चढायचा, मग बाकीचा संसार. एकदा पाटावरून घसरून तिचं मनगट मोडलं, त्यावर दाजींनी पाटाला रबर लावलं.

मी मात्र ऐकवायची संधी सोडत नसे. आमचं निपाणीत स्वतःचं स्लॅबचं घर, त्यामुळे माझ्या तोंडाला जरा जास्तच धार. "दाजी, दुनियेचे नमुने करताय, एक घर करा की!" त्यांनी एकदा साईट, म्हणजे घरासाठी मोकळी जागा, घेतलीही होती. मोजणी झाली आणि ती अख्खी साईट रस्त्यात गेली. दाजी म्हणाले, "चला, रस्ता तरी आपल्या जागंतनं जातोय." त्यानंतर त्यांनी घराचा विषय काढला नाही, आणि मीही काढायला नको होता. पण मी गप्प बसणाऱ्यातली नव्हे.

मग फौंड्रीत नमुने कॉम्प्युटरवर काढायचे दिवस आले. पन्नाशीत दाजी माऊस धरायला शिकले. सरावासाठी जुना कॉम्प्युटर घरी आणला, आणि कामावरच्या एका तरुण इंजिनिअरनं त्यात त्यांना एक गेम घालून दिला. जगभरची माणसं त्यात एकाच वेळी हिंडतात, राक्षस मारतात, तलवारी मिळवतात. दाजींनी आजतागायत एक राक्षस मारलेला नाही. त्यांना एवढंच कळलं की तिथं साईट मिळते. साईटी थोड्या आणि मागणारे लाख, त्यामुळे चिठ्ठ्या टाकतात. वर्षभर दाजींचा नंबर लागला नाही. लागला त्या दिवशी त्यांनी फौंड्रीत पेढे वाटले, आणि बेळगावभर बोभाटा झाला की पॅटर्नवाल्यांनी घर घेतलं.

"पण दाजी, ते खोटं आहे ना?" पुढे हे सगळं कळल्यावर मी विचारलं.

"खोटं कसं? शेजारी हाय की."

शेजारी म्हणजे कोल्ह्याच्या कानांचा, शेपटीवाला एक प्राणी. तो कुठल्याशा बेटांच्या देशातला खराखुरा माणूस आहे आणि दाजींना 'आप्पा' म्हणतो, हे दाजींनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मी नुसती मान हलवली. त्याहून मोठं कोडं म्हणजे दाजींचं त्यातलं रूप. सगळे तिथं धिप्पाड योद्धे होतात, आणि आमचे दाजी, मिशीवाले, पावणेसहा फुटी, तिथं एक बुटकी, हिरव्या झग्यातली बाई होऊन फिरतात! मी हसून हसून बेजार झाले. "दाजी, बाई कशाला झालाय हो?" तर म्हणाले, "मापाला बरं पडतंय." डोंबल माझं, काही कळलं असेल तर शपथ.

घरभरणीचा फोन आला तेव्हा यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. "घर झालंय, रविवारी या," एवढंच. आम्ही निपाणीहून साडी, टॉवेल, टोपी आणि पाच लिटरचा कुकर घेऊन बसनं बेळगावला आलो. बघतो तर तेच भाड्याचं घर, टेबलावर कॉम्प्युटर, त्याला झेंडूची माळ, पुढ्यात कलश, आणि गुरुजी घामाघूम. "यजमान, पूर्व कुठली धरायची?" गुरुजी विचारत होते. दाजींनी पडद्यावरचं होकायंत्र दाखवलं. "हितनं हिकडं पूर्व." गुरुजींनी ते नीट बघितलं आणि म्हणाले, "मुख्य दार पूर्वेलाच आहे. उत्तम!" आणि मंत्र सुरू केले. आक्का शेजारी पाटावर बसली होती, मेल्याहून मेल्यासारखी. जेवायच्या पंगतीत आमच्या ह्यांनी हळूच विचारलं, "घर बघायला कधी नेणार म्हणे?" मी म्हटलं, "गप जेवा."

तेव्हापासून त्याला 'आतलं घर' असं नाव पडलं. आक्कानं मात्र त्याच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. "ह्यांचं ते आतलं घर ह्यांनाच लखलाभ. मला भाईर पाटावर उभी केलीया सव्वीस वरसं," एवढंच ती म्हणायची. आणि ते ऐकलं की दाजी मान खाली घालून फूटपट्टी पुसायचे.

यंदा बाराव्या घरात सामान हललं. कॉम्प्युटरचं टेबल कुठं ठेवायचं यावर दोघांचं जमेना, म्हणून तो खोक्यातच राहिला. आणि अशात दाजींच्या छातीत कळ आली. मी धावत बेळगाव गाठलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलेलं, भाचा बोटीवर नोकरीला, तो समुद्रात. दाजी पांढरेफटक पडले होते. मला वाटलं, आता आक्काला सांभाळा म्हणतील.

"टीचर, तीनच दिवस राहिलं."

"असं अभद्र बोलू नका हो दाजी!"

"माझं न्हवं. घराचं. तीस दिवस मालकाचा पाय लागला न्हाय तर कंपनी घर पाडती आन् साईट दुसऱ्याला देती. आज सत्ताविसावा. एक साईट रस्त्यात गेली. ही गेली तर पुन्यांदा नंबर लागायचा न्हाय." त्यांनी माझा हात धरला. मला एकदम रडू आलं. केसपेपरच्या पाठीवर त्यांनी पासवर्ड आणि वाट लिहून दिली: वेशीतनं आत, विहिरीवरनं उजवीकडं, पूल, मग लाल दार. "दार उघडलं की पुरं हाय. पन आत गेलीसच तर देवळीत दिवा लाव. बंद घरात दिवा न्हाय म्हंजे बरं दिसत न्हाय."

आयुष्यात मला मूर्खपणाची अनेक कामं पडली, पण ते चुकेल याची भीती वाटावी असं हे पहिलंच. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नीट पार पडलं, भेटायची वेळ संपली, तशी मी आक्काला घरी आणलं आणि दुपारी खोकं फोडलं. आक्का पाठ करून मेथी निवडत बसली. "करा काय ते थेर," म्हणाली.

वेशीतून आत गेले ती थेट विहिरीत पडले. बाहेर आले तर पुलावरून ओढ्यात. त्या बुटक्या बाईला घेऊन मी तासभर नुसती वणवण केली. जिथं तिथं लाल दारं आणि आत कोण कुठले लोक. रडकुंडीला आले तोच समोर कोल्ह्याचे कान. त्यानं इंग्रजीत लिहिलं, आप्पा, होतास कुठं? शाळा मास्तरीण असून माझं स्पेलिंग दोनदा चुकलं. मी लिहिलं, मी आप्पा नव्हे, त्यांची मेव्हणी, आप्पा दवाखान्यात आहेत. तो दोन पावलं जवळ आला. मग लिहिलं, मी रोज त्यांच्या झाडांना पाणी घालतोय, पण दार मला उघडता येत नाही, चला. आणि तो पुढे, मी मागे.

लाल दार उघडलं. पडद्यावर अक्षरं आली, मालकाचं स्वागत असो, म्हणून. मी "हुश्श" केलं ते इतक्या जोरात की आक्कानं वळून बघितलं.

आत काय होतं? भिंतीभर खिळे. जिथं जागा तिथं चित्रं, चौकटी, घड्याळं. सव्वीस वर्षांची हौस त्या माणसानं भिंतींवर ठोकून घेतली होती. देवळीत दिवा लावला. मग चुकून कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि ती हिरव्या झग्यातली बाई चालत चालत स्वयंपाकघरात गेली, कट्ट्याशी उभी राहिली आणि तिनं हात कट्ट्यावर टेकले. खांदे न उचलता, टाचा न उचलता. कट्टा बरोबर तिच्या कमरेला.

मेथीची जुडी खाली ठेवल्याचा आवाज आला. आक्का माझ्या मागे येऊन उभी होती.

"ही बाई कोन गं?"

"दाजी," मी म्हटलं, आणि मग माझं मलाच कळलं. मापाला बरं पडतं! पॅटर्न करणारा माणूस नमुन्याशिवाय काम कसं करील? "आक्का, ही तू आहेस."

आक्का बघत राहिली. पदर डोळ्यांना लावला, काढला, परत लावला. "पाट न्हाय ठेवलेला कुठं," ती म्हणाली. मग नाक ओढून म्हणाली, "खिडकी चुकलीया पन. फोडणीचा धूर जायाचा कुठनं?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी तोंड उघडायच्या आत तीच दाजींच्या उशाशी वाकून म्हणाली, "घर हाय जाग्यावर. दिवा लावलाय. तेवढी खिडकी पूर्वंला घ्या." दाजींनी डोळे मिटले आणि नळ्या लावलेल्या हाताची बोटं चादरीवर हलवली. बहुतेक माप घेत असावेत.

आता दाजी बरे आहेत, अर्धा दिवस कामावर जातात. बाराव्या घराचा मालकही खिळा मारू देत नाही, आणि बाहेर पाट अजून आहेच. पण संध्याकाळी दोघं त्या कॉम्प्युटरपुढे बसतात आणि आक्का "मांडणी हिकडं, तवा तिकडं" करत दाजींच्या नाकी नऊ आणते. जे घर नाहीच त्यासाठी एवढं भांडायचं कशाला, हे मला आजही कळत नाही. निपाणीला परत आले त्या दिवशी चहा ठेवायला मी माझ्या कट्ट्याशी उभी राहिले आणि उजवा खांदा नेहमीसारखा दुखला. पंधरा वर्षं दुखतोय. मी शाळेतल्या फळ्याला दोष देत आले. आमचा कट्टा गवंड्यानं आपल्या अंदाजानं बांधला. माझं माप कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

हे मी कुणाशी बोलले नाही. गेल्या महिन्यात बेळगावला गेले, तेव्हा सहज खांदा चोळत दारात उभी होते. दाजींनी कॉम्प्युटरवरून मान वर केली. माझ्याकडे बघितलं, चौकटीकडे बघितलं.

"पाच फूट एक," ते म्हणाले. "व्हय न्हवं, टीचर?"

"कशाला हो दाजी?"

"असूं दे. माहेरच्या मानसाला एक खोली काढालोय. बाजूला चहापुरता कट्टा."

एरवी मी काहीतरी टोमणा मारला असता. त्या दिवशी चप्पल काढली, पाठ चौकटीला लावली, आणि त्यांना माप नीट घेता यावं म्हणून सरळ उभी राहिले.