आई एकावरच अडकली होती

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगते. गोंदियाला ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते मी. कुणी अंगात येण्याच्या गोष्टी सांगू लागलं की सरळ उठून जाते. पण हे माझ्यासमोर घडलंय...

अर्धांगवायूच्या झटक्याने आईची वाचा गेली. दवनीवाड्याला दादाच्या घरी ती खाटेवर पडून असायची. तोंडातून एकच शब्द निघायचा — "लाभ". आमच्याकडे धान मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही; 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन. आईने जन्मभर धान मापलं, म्हणून सगळ्यांना वाटलं, ती पहिल्याच मापावर अडकली आहे. डॉक्टर म्हणाले, त्याला अर्थ नाही, त्यांना आता काही समजत नाही. मला हे मान्यच नव्हतं! उन्हाळ्याची सुट्टी लागताच मी तिच्या उशाशी ठाण मांडलं.

ऐकता ऐकता एक गोष्ट खटकली. ती दोनदा 'लाभ' म्हणून थांबायची. दम घेऊन पुन्हा सुरू — आणि थेट एकोणिसाव्या 'लाभ'ला थांबायची. मग तेविसाव्याला. पुन्हा दोन... रोज तेच. लाभ म्हणजे एक, म्हणून मी ते सगळे एक शेजारी-शेजारी लिहिले आणि चरकलेच. अकरा ही मूळ संख्या, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. एकशे अकराला तीनने भाग जातो. पण एकोणीस एकांची ती लांबलचक संख्या... तिलाही स्वतःशिवाय नि एकाशिवाय कशानेच भाग जात नाही. तेवीस एकांचीही तीच गत. मधली एकही तशी नाही! कॉम्प्युटरवर तपासलं. पुढची थेट तीनशे सतरा एकांची.

मी आईच्या कानाशी वाकले. "आई, तेवीसच्या समोरचं सांग ना वं."

ती सुरू झाली. मी मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं. तेवीस ओलांडले तरी ती थांबेना. घामाघूम झाली. दादा धावत आला, "काऊन त्रास देऊन राहिली तिले? बंद कर!"

"तिचं होऊ दे, दादा. मी नाही थांबवत."

जीव माझाही घाबरा झाला होता, पण तिचा हात मी सोडला नाही. शेवटी ती थांबली. ओठ चाटले आणि स्पष्ट म्हणाली, "पाणी दे वं."

दादा रडायलाच लागला. नंतर रेकॉर्डिंग आम्ही दोघांनी वेगवेगळं मोजलं — तीनशे सतरा.

आता ती दिवसभर बोलते, भांडतेसुद्धा. वाचा अशी परत येऊ शकते, असं डॉक्टर म्हणतात. येत असेल. पण त्या संख्यांचं काय? योगायोग म्हणावं तर माझंच गणित आडवं येतं.

एकदा तिलाच विचारलं, "आई, तू काय मोजत होती?"

"मोजू कायले?" ती म्हणाली. "तू ऐकून राहिली होती, म्हून बोलत होती मी."