लाल पट्ट्यांची हिरवी गाडी

"सासूबाई गेल्यात की दारात वरात आलीय?" उमसुनाय मयतासाठी उभारलेल्या तंबूच्या बाहेर नवऱ्याला दबक्या आवाजात झापत होती. "ती गाडी बघा. नाकापासून शेपटीपर्यंत लाल पट्टे. मढ्याला आंघोळ घालायला आलीय का शर्यतीला?"

"हळू बोल, आत आहे ती," जोलदोश म्हणाला.

"असू दे. चालत यायला काय झालं होतं?"

बुरुलचा, जिला लेकासारखंच सारं गाव अपा म्हणजे आई म्हणायचं, आत मेलेल्या म्हातारीचे पाय धूत होती. लोकरीच्या कनातीतून शब्द न् शब्द ऐकू येत होता. हातातला तांब्या हलला नाही, पण कानाच्या पाळ्या तापल्या. त्या दिवशी घरच्यांनी रीतीप्रमाणे दिलेलं कापड काखेत मारून ती खाली मान घालून गाडीत बसली.

कोचकोर गावात कुणी बाई गेली की बुरुलचालाच बोलावणं यायचं. तरुणपणी तिनं सामुदायिक शेतीवरचा दुधाचा ट्रक हाकला होता, त्यामुळे नवऱ्यामागे त्याची हिरवी गाडी आपसूक तिच्याकडे आली. पट्टे चिकटवले सेयितनं, तिच्या लेकानं, रशियाला कामाला जायच्या आदल्या दिवशी. "अपा, बाजारात तू दर वेळी भलत्याचीच गाडी उघडायला जातेस. आता लांबून ओळखशील." त्यात खोटं काही नव्हतं. एकदा ती बटाट्याची पिशवी घेऊन खाटकाच्या गाडीत जाऊन बसली होती आणि वर त्यालाच विचारत होती, तू इथं कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंगणात किटली आणली. गरम पाण्याचा फडका पट्टीवर दाबायचा, कडेला नख घालायचं आणि सावकाश ओढायचं. सावकाश ओढलं तर डिंक पट्टीबरोबर येतो. पण लाजेला सावकाश कुठलं जमतंय? तिनं खसाखसा ओढलं. पट्ट्या तुकड्यातुकड्यांनी निघाल्या, डिंक तिथंच राहिला आणि त्यावर धूळ बसली. आता तर आणखीच ओंगळ दिसायला लागलं.

मग तिनं घरात होता तो उपाय केला. मेंढीच्या शेपटीची चरबी वितळवून डिंकावर चोपडली आणि मुरायला म्हणून चहा प्यायला आत गेली. बाहेर आली तर गल्लीतली पाच कुत्री गाडी चाटत होती. दोन टपावर चढली होती. नेमके त्याच वेळी मुल्ला नमाजाला निघाले होते.

"बुरुलचा, गाडी शिजवलीस का काय?" त्यांनी थांबून विचारलं.

"कच्चीच आहे, मुल्ला. या, बसा," ती म्हणाली खरी, पण हसू आलं नाही.

डिंक गेला. मात्र पट्ट्यांखालचा रंग गर्द हिरवा निघाला आणि बाकीची गाडी उन्हानं विटलेली. पट्टे होते तिथंच होते, फक्त रंग बदलला होता. तेव्हापासून ती गाडी वळणावरच्या चिनाराखाली उभी करायची आणि दुःखाच्या घरी चालत जायची.

सेयितनं फोनवर विचारलं, "गाडी दाखव ना, अपा." तिनं दाखवली. "अरे, पट्टे उन्हानं उडाले वाटतं?"

"हो," ती म्हणाली. लोकांच्या लाजेनं लेकाची माया खरवडली, आणि आता त्याच्याच लाजेनं उन्हावर आळ घातला. रात्रभर ते एक 'हो' तिला टोचत राहिलं.

उन्हाळ्यात तो घरी आला तो नव्या पट्टीची गुंडाळी घेऊनच. तो गाडी पुसायला लागला तेव्हा ती पायरीवर बसून म्हणाली, "ऊन नव्हतं रे ते. मीच काढले. उमसुनाय बोलली आणि मी ऐकलं."

त्यानं फडका बादलीत पिळला. "मग तेव्हाच सांगायचंस," म्हणाला. "मी काय रशियातून ओरडणार होतो?" गुंडाळी त्यानं कपाटात ठेवली. "तुला वाटेल तेव्हा काढ." तिनं ती कधी काढली नाही.

पुढल्या वसंतात उमसुनाय गेली. आजारात तिनंच सांगून ठेवलं होतं, मला बुरुलचाच हवी. बुरुलचानं साबण, पांढरं कापड, हातमोजे पिशवीत भरले आणि गाडी चिनाराखाली लावली. जोलदोश धावत वळणापर्यंत आला.

"अपा, दारात आणा की. ती म्हणून गेलीय, गाडी दारात लावायला सांगा. तुम्ही तेव्हा ऐकलंत, हे तिला ठाऊक होतं. फार लाजायची त्यापायी."

"तीही?" बुरुलचा म्हणाली. गाडीच्या अंगावरच्या त्या गर्द रेघांकडे तिनं एकदा पाहिलं. "राहू दे इथंच. एवढं चाललं म्हणजे माझे हात गरम होतात."

हे बुरुलचाचं शेवटचं बोलावणं. त्यानंतर गुडघ्यांनी ऐकलं नाही. तंबूत शिरून तिनं बाह्या वर सारल्या, आणि उमसुनायच्या पायावर ओतण्याआधी पाणी नेहमीसारखं स्वतःच्या मनगटावर ओतून पाहिलं.