कुणापेक्षा बरं?

डाव्या काखेत थर्मास आणि उजव्या हाताचं एक बोट वर. सर स्टाफरूमच्या दारात असे उभे राहायचे. आत कुणी बेसावधपणे "बरं चाललंय" म्हणालं की ते बोट त्याच्याकडे वळायचं.

"कुणापेक्षा?"

एवढंच. नांदेडच्या आमच्या कॉलेजात नव्याने आलेला माणूस या प्रश्नाने हमखास गोंधळायचा. आपण साधं 'बरं आहे' म्हणालो, त्यात कुणाचं काय घेतलं? मी मराठी विभागात रुजू झाले त्याच आठवड्यात माझ्यावरही ते बोट वळलं. मी जरा फणकाऱ्यानेच म्हणाले, "सगळ्यांपेक्षा."

"मग लई झालं, मॅडम," सर म्हणाले. "जपून ऱ्हावा." आणि थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढे केला. राग धरायचा की चहा घ्यायचा, असा प्रश्न पडला. मी चहा घेतला.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, की ज्याचा एकच प्रश्न असतो आणि तो प्रश्न त्याला देवाने जन्मतःच दिलेला असतो. आमच्या सरांचं मात्र तसं नव्हतं. त्यांना तो अर्थशास्त्राने दिला होता. पीएच.डी.साठी त्यांनी जो विषय घेतला होता तो ऐकून आमचे प्राचार्य खुर्चीत मागे रेलले होते म्हणे. अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेले अर्जेंटिनाचे लोक आणि तिथेच जाऊन स्थायिक झालेले उरुग्वेचे लोक, या दोघांत आर्थिकदृष्ट्या बरं कुणाचं चाललंय.

"अहो, हळद घ्या, सोयाबीन घ्या," प्राचार्य म्हणाले. "आपल्याकडे विषयांना तोटा आहे का?"

"हळदीवर सगळेच करायलेत, सर," हे म्हणाले. "उरुग्वेवर कुणीच न्हाई."

तेव्हापासून त्यांचं नाव उरुग्वे पडलं. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे तेच म्हणत. सरांना ते आवडायचं, पण तसं दाखवायचे नाहीत.

विषयाचं मूळ मला फार उशिरा कळलं. सर देवणीकडचे. पुण्यात कुणी "गाव कुठलं?" विचारलं आणि यांनी "देवणी" सांगितलं की समोरचा म्हणायचा, "ते कुठं आलं?" हे म्हणायचे, "लातूरजवळ." मग तो खूश होऊन म्हणायचा, "हां हां, म्हणजे नांदेडकडचे." आणि एखादा जाणकार निघालाच तर म्हणायचा, "देवणी म्हणजे ती बैलांची देवणी?"

"हाव," सर म्हणायचे. "माणसंबी ऱ्हातात तिथं."

पुढे केव्हातरी त्यांच्या वाचनात आलं, की उरुग्वे नावाचा एक लहान देश आहे, तिथे माणसांपेक्षा जनावरं जास्त आहेत, आणि तिथला माणूस परदेशात गेला की लोक त्याला शेजारच्या मोठ्या अर्जेंटिनाचा समजतात. भाषा तीच, खाणंपिणं बरंचसं तेच, मग फरक करायचा कुणी? पुस्तकातल्या कितीतरी तक्त्यांत अर्जेंटिनाची ओळ वेगळी असे आणि उरुग्वेवाले शेवटच्या 'इतर'मध्ये. सर त्या 'इतर'वर बोट ठेवून मला दाखवायचे. "हे बघा, देवणी." त्यात एका पुस्तकात त्यांना फोटो सापडला. उरुग्वेचा एक माणूस रस्त्याने चाललाय आणि त्याच्या काखेत थर्मास. तिकडे माटे नावाचा कसलासा कडवट पाला गरम पाण्यात घालून दिवसभर पितात, त्याचं पाणी त्या थर्मासात. सरांच्या थर्मासात त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वैनींनी, केलेला आल्याचा चहा असायचा, कारण कॅन्टीनच्या चहाने त्यांना पित्त व्हायचं. पण काख तीच होती. त्या फोटोनंतर माणूस उरुग्वेच्या नादी लागला तो लागलाच.

आता एका घोटाळ्याकडे यावं लागेल.

सरांना एक धाकटा भाऊ. दोघांनी देवणी साधारण एकाच सुमारास सोडली. हे नांदेडला आले, तो लातूरला गेला. लातूरला क्लाससाठी गावोगावची मुलं येतात हे तुम्हाला ठाऊक आहे. भावाने हेरलं, की मूल बापाबरोबर बसमधून उतरतं तेव्हा त्याच्याकडे पुस्तकं असतात, पण बादली नसते. त्याने गादी, बादली-मग, लोखंडी कॉट, टेबलफॅन असं पहिल्या दिवशी लागणारं सगळं एकाच ठिकाणी मिळणारं दुकान काढलं. ते चांगलं चाललं. त्याने घर बांधलं. इकडे सर अजून तासिका तत्त्वावर, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, कायम होण्याची वाट बघत.

घराची वास्तुशांत होती. देवणी, उदगीरकडचे सगळे पाहुणे आले होते. पंगतीत भावाने सगळ्यांसमोर सरांचे पाय धरले आणि म्हणाला, "आण्णा, तुमच्या आशीर्वादानं बरं चाललंय."

आणि सरांचं बोट वर गेलं.

"कुणापेक्षा?"

तुम्हाला-मला ते कळलं असतं. तुम्ही एव्हाना एकदोनदा ऐकलंय, मी हजार वेळा. पण पंगतीतल्या पाहुण्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं. भाऊ उभा राहिला. "तुमच्यापेक्षा, असं माझ्या तोंडून ऐकायचंय का, आण्णा?" एवढं बोलून तो आत निघून गेला, तो जेवायला बाहेर आलाच नाही. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. दिवाळीला नाही, जत्रेला नाही, फोनसुद्धा नाही.

"मी अर्थशास्त्र विचारलं," सर मला सांगत होते. "त्यानं भाऊबंदकी ऐकली." बोलताना ते झाकणातला चहा नुसता हलवत होते. मला त्यांचा राग आला. एवढा शहाणा माणूस, पण एक फोन करून 'चुकलं रे' म्हणवत नव्हतं. मी तसं म्हणालेही. तर म्हणे, "काय चुकलं सांगू? प्रश्न बरोबर होता."

प्रश्न खरोखरच बरोबर होता, हीच पंचाईत. प्रबंधाचं घोडंही तिथेच अडलं होतं. परदेशात गेलेला माणूस बरा आहे, तर कुणापेक्षा? गावी राहिलेल्या भावापेक्षा, की तिथल्या मूळच्या लोकांपेक्षा, की शेजारच्या अर्जेंटिनावाल्यापेक्षा, की स्वतःच्याच जुन्या दिवसांपेक्षा? ज्याच्याशी तोलावं त्याप्रमाणे उत्तर बदलायचं. सरांनी आयुष्यभर लोकांना छळलं ते काही गंमत म्हणून नव्हे. ते स्वतःच छळले गेले होते.

त्यातून प्रबंध मराठीत. एका सकाळी माझ्याकडे आले. "मॅडम, वेलबीइंगला आपल्यात काय म्हणतात?"

"कल्याण," मी म्हणाले.

"ते स्टेशन हाय."

"समृद्धी."

"त्यो रस्ता हाय."

"सुस्थिती?"

"हे कुणी बोलतंय का घरात?" त्यांनी थर्मास दुसऱ्या काखेत घेतला. "बायकोला म्हणू का, तुझी सुस्थिती कशी हाय?"

मी सुबत्ता दिला, संपन्नता दिला, शब्दकोश उघडून आणखी काय काय दिलं. सर एकेक शब्द बाजारातल्या वांग्यासारखा दाबून बघत आणि परत ठेवत. शेवटी मी चिडून म्हणाले, "मग 'इतर' म्हणा." त्यावर ते इतके हसले की चहा सांडला.

मग एका सोमवारी ते आले ते बोट वगैरे न उगारता, थेट माझ्या टेबलापाशी.

"शब्द सापडला. घरातच होता."

झालं होतं असं. रविवारी दुपारी सर आत पडले होते आणि वैनी स्वयंपाकघरात हळू आवाजात फोनवर बोलत होत्या. फोन ठेवल्यावर यांनी विचारलं, "कुणाचा?" वैनी सुरुवातीला काही सांगेनात. मग म्हणाल्या, "लातूरला लावलेला. जाऊबाईला. दर रविवारी लावते. तुम्ही भाऊ-भाऊ काय करायचं ते करा, आम्ही आमची खुशाली इचारतो."

"खुशाली," सर मला म्हणाले. "बघा मॅडम. पगार आपला आपल्याला मोजता येतो. घर आपलं आपल्याला दिसतं. पण खुशाली आपली आपण विचारता येत न्हाई. ती दुसऱ्या कुणी विचारावी लागते." थर्मास टेबलावर ठेवत म्हणाले, "आणि मी कधी विचारलीच न्हाई. मी निस्तं कुणापेक्षा विचारत आलो."

मी मराठीची प्राध्यापक. हा शब्द माझ्या आजोबांच्या प्रत्येक पत्रात असायचा. पण मला तो सुचला नव्हता, आणि खरं सांगते, त्या दिवशी मला सुचला नाही याचा आनंदच झाला.

त्यानंतर काही महिन्यांनी लातूरच्या एका कॉलेजात चर्चासत्र होतं. सरांनी निबंध पाठवला आणि मलाही ओढलं. लोहा, अहमदपूर करत एस.टी.ने निघालो. थर्मास मांडीवर. सर सबंध रस्ताभर उरुग्वेवर बोलत होते, पण चाकूर मागे पडलं तसे गप्प झाले. मी विचारलं, "दुकान कॉलेजपासून लांब आहे का?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कुणाचं दुकान?"

निबंध बरा झाला. अध्यक्ष पेंगत होते. शेवटी एका तरुण प्राध्यापकाने उठून विचारलं, "सर, मग निष्कर्ष काय? अर्जेंटिनावाले बरे की उरुग्वेवाले?"

सर म्हणाले, "मी तिकडं गेलेलो न्हाई. पुस्तकातून जेवढं कळतं त्यावरून कमाई सांगता येते, घरं सांगता येतात. कधी हे पुढं, कधी ते. पण त्यांची खुशाली मला माहीत न्हाई. ती विचारायला तिथं जावं लागंल." सभागृहात थोडं हसू झालं. सर हसले नाहीत. खाली उतरले, प्रमाणपत्राचीही वाट न बघता थर्मास काखेत मारला आणि मला म्हणाले, "चला मॅडम, जवळच हाय."

दुपारची वेळ. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दारात प्लॅस्टिकच्या बादल्यांचे मनोरे, आत गाद्यांच्या चळती, आणि त्यांच्यामध्ये भाऊ. तोच चेहरा, फक्त अंगाने भरलेला. सरांना बघून तो उठला. सर दारातच थबकले.

"काय करायलास?" सर म्हणाले.

"बसलोय."

"खुशाली विचारायला आलो."

भावाने पुढ्यातली एक बादली उगाच सरळ केली. मग म्हणाला, "बरं हाय."

सरांचा उजवा हात हलला. बोट अर्धं वर आलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा सरांनी तो शब्द गिळलेला मी बघितला. काहीतरी करायचं म्हणून ते थर्मासचं झाकण उघडायला लागले.

"माझ्या दुकानात च्या मिळत न्हाई व्हय?" भाऊ म्हणाला. "भावाकडं येताना थर्मास घेऊन आले." त्याने गादीची एक चळत हाताने झाडली आणि सरांना बसवलं. आतून वैनींच्या जाऊबाई आल्या, पदराला हात पुसत, पुन्हा आत गेल्या आणि चहाच घेऊन आल्या. आम्ही चौघं गाद्यांवर बसून चहा प्यायलो.

शेवटी भाऊच म्हणाला, "इचारा आता, आण्णा. तोंडात आलंय ते गिळू नका. वंगाळ दिसतंय."

सर खाली बघत अगदी हळू म्हणाले, "कुणापेक्षा?"

"सकाळपेक्षा," भाऊ म्हणाला.

मी बादल्यांकडे बघत बसले. दोन वयस्क माणसं रडत असली की तिसऱ्याने कुठे बघायचं असतं, मला माहीत नाही.

त्यानंतर वैनींचा रविवारचा फोन स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आला. लातूरहून एक नवी गादी आली. सर तक्रार करायचे, फार मऊ आहे म्हणून, आणि ती तक्रार दिवसातून तीनदा करायचे. स्टाफरूममध्ये बोट अजून वर जायचं, पण "कुणापेक्षा?" विचारून झालं की ते खुर्ची ओढून बसायचे आणि म्हणायचे, "बरं, आता खुशाली सांगा." आणि ऐकायचे. प्रबंध शेवटच्या प्रकरणापाशी राहिला. निष्कर्ष लिहायला घेतला की म्हणायचे, "ठरंना."

मागच्या उन्हाळ्यात सर गेले. सकाळी चहा झाला, थर्मास भरून तयार होता, आणि कॉलेजला निघायच्या आधी घरातच त्यांनी डोळे मिटले. मला ते अजून खरं वाटत नाही. दारात कुणाची सावली पडली की मी बोलता बोलता थांबते.

कॉलेजातलं त्यांचं सामान न्यायला भाऊ आला. सामान ते किती? पुस्तकं, एक चष्मा, आणि जुना थर्मास, ज्याचं झाकण बसत नाही म्हणून वैनींनी नवा दिल्यावर त्यांनी तो कपाटात जपून ठेवला होता. मी सगळं पिशवीत भरून दिलं. थर्मास पिशवीत मावेना.

जाताना मी विचारलं, "कसं चाललंय?"

"बरं हाय," तो म्हणाला.

आणि तो थांबला. माझ्याकडे बघत तसाच उभा राहिला. पंगतीतून उठून गेलेला तो माणूस आता त्या एका शब्दाची वाट बघत होता. मी तो शब्द ओठांपर्यंत आणला, पण तो माझा नव्हता.

मग त्याने पिशवी उजव्या हातात घेतली, थर्मास डाव्या काखेत मारला, आणि दाराबाहेर पडला.